कूलरची वायर

त्याचं नाव मी विचारलं नाही. अकोल्याहून शेअर जीपने आलेला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, एवढंच.

आमच्या दर्यापूरच्या शाळेचं, मुलांच्या प्रवेशाच्या नोंदींचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर हातात तुटायला लागलं, म्हणून तीन वर्षं खपून मी ते कॉम्प्युटरवर उतरवलं होतं. जातीच्या दाखल्यासाठी लोक त्याच नोंदी शोधत येतात. पण लाईट गेली की मशीन बंद पडायचं आणि दोन-चार फायली उघडेनाशा व्हायच्या.

त्याने आधी नवी डिस्क जोडून सगळ्या नोंदी उतरवून घेतल्या. "पयले नक्कल, मंग दुरुस्ती," म्हणाला. मला ते खटकलं. जुन्या नोंदीतला जातीचा एक शब्द बदलून मिळावा म्हणून फिरणारे मी पाहिले आहेत; नक्कल अशांच्या हाती गेली तर? मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारीच बसले.

मग तो टेबलाखाली शिरला आणि एकेक वायर बोटाने चाचपत गेला.

"बाई, यूपीएसवर कूलर कोनं लावला?"

"म्याच. मे महिन्यात बसून पाहा इथं, मंग विचारा."

"म्हून बॅटरी मिनिटभर टिकत नाई. लिहिता लिहिता मशीन मरते, फाईल अर्धीच राह्यते."

कूलर त्याने भिंतीच्या प्लगला लावला आणि मेन स्विच पाडला. कूलर थांबला. मशीन चालू राहिलं, मला ते सावकाश बंद करता आलं.

निघताना त्याने डिस्क माझ्या हातात दिली. "हे घरी ठेवा. अन् दुसरी नक्कल नेतो का, ते बी पाहून घ्या." त्याने बॅग टेबलावर उलटी केली.

मी संकोचले नाही. जेवणाचा डबासुद्धा उघडून पाहिला.