एक कान आहे ना चांगला?

हे वाक्य मी सदतीस वर्षं ऐकते आहे. सातव्या वर्षी मला गालफुगी झाली. गालावर लेप लागला, ताप उतरला, आणि उजवा कान गेला तो गेलाच. तेव्हाचे डॉक्टर वडिलांना म्हणाले, एक कान चांगला आहे, काही अडत नाही. वडिलांना तेवढंच हवं होतं. घरी येऊन त्यांनी सगळ्यांना बजावलं, "कोणाले सांगू नका. पोरीची जात हाये."

मग मी कोणाला सांगितलं नाही. वर्गात मागून हाक आली की मी भलत्याच दिशेला वळायची आणि पोरी हसायच्या. बाईंनी मला बावळट ठरवलं. चार जणी एकदम बोलायला लागल्या की माझ्या डोक्यात नुसता कालवा व्हायचा. संध्याकाळपर्यंत जीव इतका दमायचा की मी दप्तर टाकून तशीच झोपायची. आळशी, असं आईही म्हणायची. मलाही ते पटलं होतं.

लग्नही तसंच, न सांगता झालं. आमच्याकडे बाई मोटरसायकलवर एका बाजूला पाय सोडून बसते, म्हणजे तिचा उजवा कान नवऱ्याकडे येतो. नवा नवरा गाडी चालवता चालवता कौतुकानं काहीबाही बोलायचा आणि मी मठ्ठासारखी बसायची. दोन-तीन महिने त्यानं सहन केलं. मग तो बोलायचाच थांबला. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या की शिकलेली सून आहे, शिंगं फुटलीत तिला. खरं सांगायला मला दोन वर्षं लागली, आणि सांगितल्यावर ती फसवेगिरी ठरली. वडिलांची नाही, माझी.

वडील आता नाहीत. त्यांच्यावरचा राग मात्र आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला गालफुगी झाली. सहा वर्षांची आहे. भाऊ मोताळ्याजवळ भाजीपाला पिकवतो आणि आठवडी बाजारात विकतो. महिनाभरानं मी माहेरी गेले, तर ही पोर फोन डाव्या कानाला लावला की लगेच उजवीकडे नेत होती. कोणाला न विचारता मी तिला घेऊन बुलढाण्याला गेले. डावा कान बंद होता.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी तिच्याबद्दल सांगितलं, मग मी माझ्या कानाचं बोलले तेव्हा माझ्याबद्दलही. कान फक्त आवाज गोळा करतो, म्हणाल्या, ऐकतो तो मेंदू. दोन कानांकडून आलेलं मेंदू ताडून पाहतो, म्हणून आवाज कुठून आला ते कळतं आणि गर्दीतला एक आवाज वेगळा काढता येतो. एक बाजू बंद पडली की मेंदूतली ही देवघेवच बदलते. जोडण्या चांगल्या कानाच्या सोयीनं नव्यानं बसतात, आणि लक्ष देणाऱ्या भागांनाही ऐकण्याच्या कामाला जुंपलं जातं, असं संशोधक सांगतात. सगळ्यांचं सारखं होत नाही, पण लहान वयात मेंदू घडत असतो, म्हणून कानाचं यंत्र लावून पाहायचं तर लवकर पाहा.

मी तिथेच रडले. दुःखानं नाही, संतापानं. मी बावळट नव्हते, आळशी नव्हते, घमेंडी तर नव्हतेच. माझं डोकं दिवसभर दुप्पट राबत होतं आणि वर शिव्या खात होतं.

भाऊ ऐकेना. म्हणाला, "एक कान हाये ना चांगला, ताई? यंत्र दिसलं का लोक नावं ठेवतील. उद्या लग्नाच्या वक्ती काय सांगू?" वडीलच बोलताहेत असं वाटलं. माझं टाळकं सरकलं.

मी भांडले नाही. बाजाराच्या दिवशी त्याच्या डाव्या कानात मेडिकलमधून आणलेला फोमचा बोळा घातला, वर कापूस लावला आणि दस्ती, त्याचा मोठा रुमाल, डोक्याभोवती बांधली. म्हटलं, संध्याकाळपर्यंत काढू नको, मग मी हा विषय बंद करीन. हसत तयार झाला. मी त्याच्या मागे पोत्यावर बसून राहिले.

पहिला तास मजेत गेला. मग डावीकडून एका बाईनं दोनदा वांग्याचा भाव विचारला, आणि याचं मिरची तोलणं चालूच. याला आता गिऱ्हाइकाची गरज उरली नाही, असं बडबडत ती पुढे गेली. मागून टेम्पोनं हॉर्न दिला तर हा उलटीकडेच सरकला. मी दंडाला धरून ओढलं म्हणून वाचला. बारा वाजेपर्यंत तो प्रत्येकाच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता, कपाळाला आठ्या घालून. एका ओळखीच्या माणसावर उगाच खेकसला. शेवटी त्यानं दस्ती ओढून काढली आणि बोळा पोत्यावर फेकला.

"डोकं उठलं ताई माझं," तो म्हणाला.

मला दया आली नाही. "तुनं तं बोळा काढला," मी म्हटलं. "तिनं काय काढावं?"

अर्धी भाजी तशीच पडली असताना त्यानं दुकानावरचं पाल गुंडाळलं.

यंत्र लागून आता दोन महिने झालेत. फरक किती पडेल, कोणीच छातीठोक सांगत नाही. मास्तरांना सांगून तिला वर्गात डाव्या भिंतीशी, पुढच्या ओळीत बसवलंय, म्हणजे चांगला कान वर्गाकडे राहतो. परवा भावाकडे पाहुणे यायचे होते. वहिनी पोरीची वेणी घालत होती आणि केसांची एक बट पुढे ओढून कानावर आणत होती. माझ्या तोंडात शब्द आलेच होते, पण त्याआधी भाऊ दारातून म्हणाला, "मांगं घे ते केस. दिसू दे."