टाकीवरचा स्लॅब

बाइंडरकाकांचा उभा जन्म छापखान्यात पुस्तकं शिवण्यात गेला. घरातलं काम मात्र त्यांनी कधी परक्याच्या हाती दिलं नाही. नळ, फ्यूज, दाराच्या बिजागऱ्या, सगळं स्वतःच. निवृत्तीनंतर मोरीमागच्या पाण्याच्या टाकीवर स्लॅब घालायचं त्यांनी मनावर घेतलं. काकूंना कपडे वाळत घालायला जागा होईल, हा हेतू.

सिमेंट-लोखंडाच्या दुकानदारानं विचारलं, "टाकीवर ना? मग सळ्याच न्या काका. आणि फळीपासून बोटभर वर उचलून बांधा, म्हणजे खालून काँक्रीटनं झाकल्या जातील, गंजणार नाहीत."

सळ्या लांब, जड. त्या कापायला, वाकवायला दुसरा माणूस हवा. काकूंचा भाऊ हेच काम करायचा, पण काकूंच्या माहेरच्या वाटणीच्या वेळी त्याचा आणि काकांचा शब्दाला शब्द लागला आणि दोघांमधलं बोलणं तुटलं. त्याच्या दारात जाण्यापेक्षा काकांनी बारीक तारेची जाळी उचलली. गुंडाळी खांद्यावर टाकली की झालं.

"जाळी प्लॅस्टरला असते," दुकानदार म्हणाला.

"लोखंड ते लोखंड," काका म्हणाले.

जाळी त्यांनी थेट फळ्यांवर अंथरली, वर काँक्रीट ओतलं. टेकू काढले तेव्हा आतून करकर असा आवाज आला. काका कान देऊन उभे राहिले. पुन्हा काही ऐकू आलं नाही.

काकू खूश होत्या. धुण्याचा मोठा टब तिथेच ठेवू लागल्या. पावसाळा सरला आणि बादलीत तांबूस पाणी येऊ लागलं.

"अहो, पाण्याला गंजाचा वास येतोय."

"पाइप जुना झालाय."

मग मधोमध केसाएवढी चीर पडली. काकू बाजारात गेल्या की काका ती सिमेंटनं बुजवायचे. आठवड्याभरात ती पुन्हा तोंड वर काढायची, थोडी अधिक रुंद होऊन. काकांना जेवण गोड लागेना. काकू वर गेल्या की ते उगाच मोरीत घुटमळायचे.

एका सकाळी त्यांनी मोरीच्या बाजूनं टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारला. खालचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटलं होतं. गंजलेली जाळी फाटून लोंबत होती. त्यांच्या डोळ्यांदेखत एक ढेकूळ पाण्यात पडलं. नेमक्या त्याच वेळी वर काकूंनी ओली चादर झटकली.

काका बाहेर आले, पण ओरडले नाहीत.

"अगं, चादर राहू दे. भिंतीला धरून, कडेकडेनं ये. सावकाश."

"का? काय झालं?"

"ये म्हणतो ना."

त्यांचा चेहरा पाहून काकू निमूट आल्या. त्यांचा पाय उंबऱ्यावर पडला न पडला तोच मधला भाग टबासकट खाली गेला. घरभर धूळ झाली. दोघंही बराच वेळ एकमेकांचा हात धरून उभी होती.

दुपारी काकांनी मेहुण्याला फोन केला. तो आला, त्यानं वाकून आत बघितलं. "भाऊजी, एक हाक मारायची होती," एवढंच बोलला आणि मापं घ्यायला लागला.

नवा स्लॅब सळ्यांचा झाला. काकांनी त्यावर उभं राहून दाखवलं, पाय आपटून दाखवले. काकू दारातच थांबल्या.

"उतरा खाली," त्या म्हणाल्या, आणि ओल्या कपड्यांची बादली उचलून पुढच्या अंगणात गेल्या.