आमच्या बँडमध्ये गोरा कुठंय?

चार जणांचा रॉक बँड, त्यात गाणी मराठी, आणि तो पण संभाजीनगरात. त्यामुळं एक गाणं बसायला महिने लागतात, किस्से मात्र आपोआप जमत जातात. परवा कंपनीत जेवताना एक सांगायला घेतला, तर सुट्टी संपली तरी माझा डबा भरलेलाच. म्हटलं, आता एकदा बसून सगळे सांगून टाकू.

आधी माणसं सांगतो. मी बेस गिटार वाजवतो, म्हणजे मागं उभं राहून जाड तारा छेडतो. घर लासूर स्टेशनला, नोकरी वाळूजला. ड्रमवर सलीम. त्याच्या अब्बांचा लग्नाचा बँड होता, त्यामुळं त्याच्या हातात लहानपणापासून काड्या. गाते वैशाली. ती मुकुंदवाडीची, शाळेत गणित शिकवते. आणि लीड गिटारवर इमॅन्युएल. तो टांझानियाचा, इथं फार्मसी शिकायला आलेला. मराठी शिकला मेसच्या मावशींकडं, त्यामुळं ‘भात वाढा’ हे त्याचं सगळ्यात शुद्ध वाक्य.

*

तो आम्हाला वाद्यांच्या दुकानात भेटला. मी आणि सलीम ड्रमच्या काड्या घ्यायला गेलो होतो. इमॅन्युएल आत आला तसा दुकानदारानं हसून एक ढोलकी पुढं सरकवली.

“घ्या, तुमचं वाद्य.”

“मला गिटारच्या तारा पाहिजे, काका.”

दुकानदार आमच्याकडं वळून हळूच म्हणाला, “नाचायला पण लई भारी येत असंल याला.”

इमॅन्युएलनं ते ऐकलं. भिंतीवरची गिटार उतरवली, सुरात लावली आणि रॉक वाजवायला लागला. बाहेरचा पानवाला सुद्धा दारात येऊन उभा राहिला.

वाजवून झाल्यावर दुकानदार म्हणाला, “बरं वाजवतोस रे. पण हे इंग्रजांचं झालं.”

“नाही काका. आफ्रिकेतल्या आमच्या लोकांना धरून अमेरिकेला नेलं होतं ना, त्यांच्या पोरांनी हे सुरू केलं. गोरे नंतर शिकले.”

सलीमनं त्याला तिथंच गाव विचारलं. तो म्हणाला, “मोरोगोरो.”

“गाँव के नाम में तो गोरा है भाई,” सलीम म्हणाला. “बस, हमारे बँड में भी एक गोरा हो गया. शाम कू आजाओ.”

*

मग जागेचा घोळ सुरू झाला. प्रॅक्टिसला खोली पाहिजे होती. सिडकोतल्या एका घरमालकानं सगळं कबूल केलं, किल्ली पण काढली. तेवढ्यात इमॅन्युएल गिटारचा स्पीकर, म्हणजे अँप घेऊन जिन्यावर आला. मालकानं किल्ली परत खिशात घातली आणि मला बाजूला घेतलं.

“तुम्ही तिघं चालताल. तो नको.”

“का बरं?”

“सोसायटीत लहान पोरं आहेत. घाबरतील.”

मी काही बोलायच्या आत वैशाली पुढं आली. “काका, पोरं माझ्या वर्गात रोज साठ असतात. ती गणिताला घाबरतात, माणसाला नाय.” आणि अँपचं एक टोक धरून ती जिना उतरायला लागली.

असं आणखी दोन ठिकाणी झालं. एकदा तर इमॅन्युएल म्हणाला, “मी बाहेर थांबतो. तुम्ही जागा ठरवा, मग येतो.” सलीम एवढा कधी चिडलेला मी पाहिला नव्हता. “चोर है क्या तू? पैले तू अंदर जाएगा, पीछे हम.” त्या दिवसापासून जागा बघायला इमॅन्युएल सगळ्यात पुढं. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणू द्या.

शेवटी दौलताबादला सलीमच्या मामूंनी सीताफळाचं रिकामं गोदाम दिलं. मामूंनी इमॅन्युएलला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“अजान के टैम बंद रखना,” मामू म्हणाले. “और ये लंबेवाले कू बोलो, दरवाजे में झुक के आना. पिछले साल मेरा सर फूटा.”

*

पहिला मोठा कार्यक्रम लागला आणि आयोजकांनी गेटवर आमच्या फोटोचा फ्लेक्स लावला. फ्लेक्सवाल्यानं प्रेमानं आम्हा चौघांना गोरं केलं होतं. वैशाली गुलाबी, मी दुधासारखा, आणि इमॅन्युएल म्हणजे एखादा काश्मिरी नवरदेव.

गेटवरच्या वॉचमननं त्याला अडवलं. “हा फोटोत नाय.”

इमॅन्युएलनं फ्लेक्सकडं बघितलं. “खरंय,” तो म्हणाला, “मी नाही.”

मग सलीम फ्लेक्सजवळ जाऊन उभा राहिला. “मेरेकू देखो. मैं है क्या इसमें?” वॉचमननं बघितलं, नाही म्हणून मान हलवली. वैशाली उभी राहिली, मी उभा राहिलो, तेच. वॉचमन पार गोंधळला. त्यानं आत फोन लावला, “साहेब, बँडचे चार जण आलेत. पण फोटोतले अजून यायचेत.”

*

वैशालीचा किस्सा मात्र हसण्याचा नाही. एका कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही स्टेजवर चढलो, तर मागं गोरं करणाऱ्या क्रीमचं भलंमोठं बॅनर. एकाच बाईचे दोन फोटो. सावळी असताना रडकी, गोरी झाल्यावर हसरी.

वैशालीनं माईक खाली ठेवला. “लहानपणापासून ही ट्यूब माझ्या वाढदिवसाला येते. मावशी देते, आत्या देते. हिच्यासमोर उभी राहून मी गाणार नाय.”

संयोजक पोरगा रडकुंडीला आला. “मॅडम, बॅनर काढलं तर स्पॉन्सर जातो. मला सर सोडायचे नाहीत.”

पोराचं पण खोटं नव्हतं. वैशालीनं थोडा विचार केला. “बॅनर राहू दे. आपण खाली जाऊ.”

आम्ही ड्रम उतरवले, अँप उतरवले, वायरी ओढत मैदानात नेल्या आणि कडुलिंबाच्या झाडाखाली मांडामांड केली. पोरांनी खुर्च्या उचलून आमच्याकडं तोंडं केली. वैशाली त्या दिवशी अशी गायली की माझी बोटं दोनदा चुकली.

तिसऱ्या गाण्याला क्रीम कंपनीचा माणूस पण खुर्ची घेऊन खाली आला. सलीमनं त्याला जागा करून दिली. “बैठो भाई. बॅनर कू अकेला रहने दो.”

*

आता शेवटचा. रविवारची दुपार होती, गोदामात प्रॅक्टिस चाललेली. इमॅन्युएलच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. तिला त्याचा बँड बघायचा होता.

त्यानं फोन फिरवत एकेकाची ओळख करून दिली. सलीमनं सलाम केला. मी नमस्कार केला. आई हसत होती, मान डोलवत होती. मग फोन वैशालीसमोर आला. आई चष्मा सारखा करून पुढं वाकली आणि भराभरा काहीतरी विचारायला लागली. इमॅन्युएलला हसू आवरेना.

“काय म्हणतात?” वैशालीनं विचारलं.

“म्हणते, ही आपल्याकडची देखणी पोरगी कोण? इतक्या लांब एकटी कशी राहते? आणि तिचं गाव कुठलं?”

“सांग की, मुकुंदवाडी.”

त्यानं सांगितलं. आईनं ते नाव दोनदा घोळवून म्हणून बघितलं आणि पुन्हा काहीतरी विचारलं.

“विचारते, ते आमच्या घरापासून किती लांब आहे?”

वैशालीनं फोन आपल्या हातात घेतला. ती त्या बाईकडं बघत राहिली, आणि ती बाई हिच्याकडं.

“जवळच आहे म्हणावं,” वैशाली म्हणाली.