विरोधी बाकावरच्या बाई

न्यूझीलंडला वरचं सभागृह नाही, कधीचंच मोडीत काढलंय, हे बाबांना कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरातलं कुणी गेल्याची बातमी मी त्यांच्यापासून लपवली होती. "मग कायदे पुन्हा तपासतं कोण?" त्यांनी विचारलं. मी ऑफिसला निघालो होतो. "तपासत असेल कोणीतरी," म्हटलं आणि गाडी काढली.

बाबांची सगळी नोकरी विधान परिषदेत लघुलेखक म्हणून गेली. सभागृहाच्या मधल्या टेबलाशी बसायचं, जो जे बोलेल ते उतरवून घ्यायचं, पाळी संपली की दुसऱ्याला जागा देऊन आत जाऊन टंकायचं. हसू आलं तरी हसायचं नाही, राग आला तरी मान वर करायची नाही. घरीही ते तसेच होते. आई भांडायची, मी भांडायचो, बाबा ऐकून घ्यायचे. स्वतःला काय हवंय हे त्यांनी कधी सरळ सांगितल्याचं मला आठवत नाही.

आई गेली आणि पुढच्याच वर्षी ते डोंबिवलीच्या घरात चक्कर येऊन पडले. शेजाऱ्यांचा फोन आला. मी गेलो, घराला कुलूप लावलं, त्यांना इथे ऑकलंडच्या कडेला, टाकानिनीला घेऊन आलो आणि आल्या आल्या त्यांच्या कायमच्या रेसिडेन्सीसाठी अर्ज केला. त्यांना विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, असंच मला वाटलं. एकुलता एक मुलगा, नवं कोरं घर, दारात हिरवळ.

हिरवळीपलीकडे मात्र काही नव्हतं. आमची वसाहत तेव्हा अर्धी बांधून व्हायची होती. मी आणि बायको सकाळीच ऑकलंडला पळायचो, मुलगी शाळेत जायची. रस्त्यावर चालणारं माणूस दिसेल तर शपथ. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात, तिथला गुजराती दुकानदार तेवढा "केम छो काका" म्हणायचा. दुपारी तीनला बाबा नातीला शाळेतून घेऊन यायचे.

"आजोबा, कॅन वी गेट अॅन आइस ब्लॉक?"

"आधी मराठीत विचार."

"प्लीज, आजोबा!"

आइस ब्लॉक, म्हणजे काडीवरचा बर्फाचा गोळा, मिळायचाच. बाकीचा सगळा वेळ ते कॉम्प्युटरसमोर असायचे.

तिथेच त्यांना आयर्लंड सापडलं. इंग्लंडचं वरचं सभागृह त्यांना पटेना. "बापजाद्यांच्या पुण्याईवर बसलेली माणसं, कसले सभासद!" आयर्लंडचं पटलं. तिथली चर्चा शब्दन् शब्द इंटरनेटवर यायची, आणि कुणी मध्येच बोललं तर तेसुद्धा कंसात नोंदलेलं असायचं. हे कंस बघून बाबा इतके खूश झाले की मला बोलावून दाखवले. त्या सभागृहात विरोधी बाकावर एक बाई होत्या. खेड्याकडच्या, आणि कमालीच्या चिवट. गावची बस बंद झाली, पोस्ट बंद झालं, दवाखान्यात डॉक्टर नाही, असं काही ना काही घेऊन उभ्या राहायच्या. मंत्री म्हणायचे, तपासून पाहू. पुढच्या वेळी बाई पुन्हा उभ्या.

जेवताना बाबा त्यांचं भाषण आम्हाला वाचून दाखवत. हातात इंग्रजी कागद, आणि तोंडाने थेट मराठी, तेही विधान परिषदेतलं. "सभापती महोदय, आपल्यामार्फत माझी सन्माननीय मंत्री महोदयांना विनंती आहे..." बायकोला हसू आवरायचं नाही. मीही हसायचो. म्हातारपणी एक छंद लागला, चला, बरं झालं, असं म्हणायचो.

उन्हाळा सरताना एकदा बाईंनी म्हाताऱ्या माणसांचा विषय काढला. खेड्यात एकटी राहणारी माणसं, त्यांच्या भल्यासाठी म्हणून घरातून हलवून दूरच्या शहरात वृद्धाश्रमात नेतात, असं काहीसं होतं. बाबा वाचत होते. "सभापती महोदय, माझ्या भागात एक गृहस्थ आहेत. पत्नी वारली. त्यांच्या घराला आज कुलूप आहे. गॅलरीतल्या कुंड्या वाळून गेल्या असतील. त्यांना हलवण्याआधी शासनाने त्यांना विचारलं होतं का?"

माझा घास हातातच राहिला. आयर्लंडच्या खेड्यात गॅलरी कुठून आली?

मला त्या क्षणी सगळं कळलं. कळूनही मी आमटीची वाटी पुढे ओढली आणि म्हणालो, "सरकारचीही काही बाजू असेल ना, बाबा. एकट्या माणसाला काही झालं म्हणजे?"

"तो मुद्दा मंत्र्यांनी मांडलाय," कागदावरची नजर न काढता ते म्हणाले. "पण विचारलं का, याचं उत्तर आलेलं नाही."

"येईल."

तिथून पुढे कितीतरी महिने आमचं हेच चाललं. ते बाईंच्या तोंडून बोलायचे, मी सरकारच्या. आवाज कधी चढला नाही. विषय आयर्लंडचा आहे तोवर मला इथे काही करावं लागत नव्हतं, आणि ते मला फार सोयीचं होतं.

बाबांच्या तब्येतीची काळजी हे अर्धंच कारण होतं. ते आल्यापासून मुलीला शाळेनंतर कुठे ठेवायचं हा घोर मिटला होता. बायकोने मोठ्या पदाची नोकरी धरली होती, मला ऑफिसात उशिरापर्यंत थांबता येत होतं. बायको एकदा भांडी आवरताना म्हणाली, "अरे, परत जायचंय का, त्यांना सरळ विचार ना एकदा."

"आणि ते हो म्हणाले तर? तीन वाजता शाळेत कोण जाणार?"

ती पुढचं भांडं पुसायला लागली. या पापात आपण एकटे नाही, एवढ्यानेच मला बरं वाटलं. इतका मी खाली उतरलो होतो.

मग तिकडे निवडणूक झाली आणि बाई पडल्या. बाबांनी नव्या सभासदांची नावं वरपासून खालपर्यंत पुन्हा पुन्हा पाहिली. त्या दिवशी ते कागद न घेता जेवायला बसले. ताकभात संपवला. मग म्हणाले, "मला घरी जायचंय."

सभापती नाहीत, महोदय नाहीत. तीन शब्द, आणि तिन्ही त्यांचे स्वतःचे. मुलीनेसुद्धा मान वर केली.

"बघू हं, बाबा," मी म्हणालो. "रेसिडेन्सीचं एकदा होऊ दे."

त्यांनी मान हलवली आणि ताट उचलून ठेवलं.

रेसिडेन्सी आली ती गणपतीच्या तोंडावर. आमच्या मराठी मंडळींनी एक हॉल घेतला होता. आरती झाली आणि ज्यांना नुकतीच रेसिडेन्सी मिळाली त्या आईवडिलांना पुढे बोलावलं. "काका, दोन शब्द बोला!" म्हणत कुणीतरी बाबांच्या हातात माईक दिला. जन्मभर दुसऱ्यांची भाषणं उतरवलेल्या माणसाच्या हातात पहिल्यांदाच माईक होता. मी मागे प्रसादाची वाटी धरून उभा होतो. आता बाबा सगळ्यांसमोर घरी जायचंय म्हणणार, असं वाटलं. बोलले असते तर ते खरंच होतं.

बाबांनी घसा साफ केला. "मला इथे आवडतं," ते म्हणाले. "मुलगा आणि सून फार काळजी घेतात. मी आता इथेच राहणार आहे."

टाळ्या पडल्या. ओळखीच्या बायका माझ्या बायकोकडे कौतुकाने बघायला लागल्या. मला वाटलं, जमिनीत गडप व्हावं.

परतताना मोटरवेवर मी म्हणालो, "बाबा, दिवाळीनंतर तुम्हाला डोंबिवलीला सोडायला येतो मी. खरंच येतो."

"आता कसं जाणार? भर सभेत बोललोय मी."

"अहो, गणपतीचा कार्यक्रम तो. आणि सभागृहातसुद्धा शब्द मागे घेता येतात ना?"

"येतात की." ते खिडकीबाहेर बघत होते. "पण मग चार लोक विचारतात, का घेतले म्हणून. तू काय सांगशील?"

मागच्या सीटवर मुलगी झोपली होती आणि तिच्याशेजारी बायको डोळे मिटून जागी होती. मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. आणखी एकदाच, आणि ते कदाचित हो म्हणाले असते. टाकानिनीचा एक्झिट आला. मी इंडिकेटर दिला, आणि उद्या तीनला मुलीला आणायला कोणीतरी असेल, या विचाराने मला सुटल्यासारखं वाटलं.