‘समजलं नाही’ म्हणायला शिकवणारे सर

कार्ड आलं तेव्हा मी शहाद्याच्या शाळेत सातवीचा तास घेत होतो. म्हसावदहून सरांच्या धाकट्या भावाने दोनच ओळी लिहिल्या होत्या, ‘दादा मंगळवारी गेला. ताप उतरलाच नाही.’ कार्ड खिशात ठेवलं आणि तास पुढे चालू केला. मुलांना काही सांगितलं नाही. पण फळ्यावर जे लिहीत होतो, त्याच्या पुढचं सुचेना... आज महिना उलटला. प्राध्यापक आत्माराम भामरे या माणसाचं माझ्यावर केवढं ऋण आहे, ते आता सावकाश सांगता येईल असं वाटतं.

आमच्या भागात त्या वेळी कॉलेज नव्हतं. मॅट्रिक झालेली मुलं नंदुरबारला गाडी धरून परगावी जात. मीही गेलो. पहिल्याच वर्षी तर्कशास्त्र शिकवायला भामरेसर आले. मुंबईहून मोठी पदवी घेतलेले, अंगात बंद गळ्याचा कोट. ते वर्गात येत, फळ्याकडे तोंड करत आणि घंटा होईपर्यंत भराभर इंग्रजीतून बोलत. आम्ही साठ मुलं कारकुनासारखी लिहून घेत होतो. सहामाहीत निम्मा वर्ग नापास झाला. मग प्रिन्सिपॉलसाहेबांना द्यायचा अर्ज मी लिहिला, ‘या प्राध्यापकांचं शिकवणं आम्हाला समजत नाही, दुसरे द्यावेत.’ चाळीस सह्या झाल्या. खरं सांगायचं तर माझ्या मनात थोडी अढीही होती. हे सर आमच्याच मुलखातले, म्हसावदचे, हे मला ठाऊक होतं. स्टेशनवर एका गाववाल्याशी त्यांना अहिराणीत बोलताना मी ऐकलं होतं. वर्गात मात्र ते जणू सातासमुद्रापलीकडून आल्यासारखे वागत.

त्यांची नोकरी अजून कायम झालेली नव्हती, हे मला अर्ज दिल्यावर कळलं. दोन दिवसांनी त्यांनी मला खोलीवर बोलावलं. आता आपलं काही खरं नाही, असं म्हणतच मी गेलो. टेबलावर माझा अर्ज होता.

“हाऊ अर्ज तुन्हा शे का?” त्यांनी विचारलं. अहिराणीत!

“मन्हाच शे, सर.”

“बठ.” मी बसलो. “तुला समजेनासं कधीपासून झालं?”

“दुसऱ्या दिवसापासून.”

त्यांनी अर्ज उचलून पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, “म्हणजे चार महिने मी रिकाम्या खोलीत बोलत होतो...”

सूड नाही, दटावणी नाही. रोज तास संपल्यावर पाच मिनिटं थांबायचं आणि कुठे अडलं ते सांगायचं, एवढंच त्यांनी माझ्यावर लादलं. हे काम गोड नव्हतं. पहिल्या आठवड्यात ते माझ्यावरच उखडत. “इतलं सोपं शे, तरी?” असं म्हणून एकदा त्यांनी खडू भिंतीवर भिरकावला होता. दुसऱ्या दिवशी मात्र तोच भाग त्यांनी वर्गात पुन्हा घेतला. हळूहळू ते फळ्याकडे पाठ करून बोलू लागले. मग नाव न घालता चिठ्ठ्या लिहायला सांगू लागले, “कोठे अडनं, तेवढंच लिहा.” एके दिवशी त्यांनी विचारलं, “नंदुरबारची सगळी मिरची तिखट असते. ही मिरची तिखट आहे. म्हणून ही नंदुरबारची. बरोबर?” आम्ही नंदुरबारची मुलं अभिमानाने ‘बरोबर’ म्हणून ओरडलो. मागून एक गुजराती मुलगा उठला, “सर, आमच्या गावची पण तिखट असते!” वर्ग हसला, सरही हसले. जो हेत्वाभास महिनाभर इंग्रजीत घोकून डोक्यात शिरला नव्हता, तो एका मिरचीने शिरला. वर्गात बाजारातली भाषा वापरता म्हणून प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्यांना बोल लावला, असं नंतर कळलं. सरांनी ऐकून घेतलं, पण बदलले नाहीत. वर्षअखेर आमच्यापैकी फार थोडे नापास झाले. दुसऱ्यांदा अर्ज करायची कुणाला आठवणही झाली नाही.

बेचाळीसच्या चळवळीत कॉलेज बंद पडलं. आम्ही आपापल्या घरी परतलो आणि परीक्षेचं काय, या घोरात पडलो. सरांनी म्हसावदहून निरोप धाडला, “वह्या घेऊन या.” आम्ही सहा जण गेलो. त्यांच्या मळ्यात निंबाखाली तास सुरू झाले. दोन वेळचं जेवण त्यांच्याच घरी. त्या सहांत काठी गावाकडचा जात्र्या वसावे होता. डोंगरातून कॉलेजात आलेला तो एकटाच. घरी भिली, शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी. तो कधी बोलत नसे. आता सहाच चिठ्ठ्या असल्याने कुणाची कोणती ते कळे, आणि त्याची नेहमी कोरी असे. सर समजत, याला सगळं कळतं. एका दुपारी सरांनी त्याला सहज तोच मिरचीचा हेत्वाभास विचारला. तो मान खाली घालून उभा राहिला.

“अरे, मग चिठ्ठी कोरी का देतोस?”

“सर,” तो म्हणाला, “कुठे अडलं ते सांगायलाही शब्द लागतात.”

सरांचा चेहरा मी पाहिला. अर्ज वाचूनही तो तसा पडला नव्हता. त्या वेळी मळ्यात कापूस वेचायला डोंगरातली माणसं आली होती आणि भाकरी खाऊन सावलीला टेकली होती. सर म्हणाले, “मला सांगू नकोस. यांना सांग. तुझ्या बोलीत.” जात्र्या आधी लाजला, मग बोलू लागला. काय बोलला ते आम्हाला कळलं नाही. पण माणसं सरसावून बसली, एक म्हातारा मध्येच काही म्हणाला आणि सगळे खदखदून हसले. जात्र्याने आम्हाला उलगडून सांगितलं. होळीत नाचणारा मोरपिसांचा टोप घालतो, म्हणून टोप घातलेला प्रत्येक माणूस नाचणाराच का, असं त्याने विचारलं होतं. म्हातारा म्हणाला, “नाही रे, माझा भाऊ टोप घालून रात्रभर झोपला होता!”

सरांनी जात्र्याच्या पाठीवर हात ठेवला. “यास्ले समजनं. म्हणजे तुला येतं. आता तेच इंग्रजीत कसं लिहायचं, ते आपण दोघं मिळून शोधू.” त्या दिवसापासून त्याची चिठ्ठी कोरी राहिली नाही. परीक्षा झाली, तेव्हा जात्र्या दुसऱ्या वर्गात आला आणि मी तिसऱ्या. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

परवा मी म्हसावदला गेलो. जात्र्याही अक्कलकुव्याहून आला होता. तिथल्या शाळेत तो आता मास्तर आहे. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, ओसरीवर बसल्या होत्या. जात्र्याने त्या दिवशी मला ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली. परीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात सर काठीकडे जाऊन त्याच्या घरी पंधरा दिवस राहिले होते, भिली शिकायला. त्याच्या आईकडून त्यांनी पहिलं वाक्य मागून घेतलं ते ‘मला समजलं नाही’. दिवसभर ते तिला तेच म्हणत, आणि ती न कंटाळता पुन्हा सांगे.

काकू उठल्या आणि आतून एक जुनी वही घेऊन आल्या. “रोज सांजले हाई लई बसेत,” त्या म्हणाल्या. सर रोज संध्याकाळी ती वही घेऊन बसत. सरांच्या बारीक अक्षरात भिली शब्द होते, समोर मराठी अर्थ. जात्र्या पानं उलटत गेला. दोन ठिकाणी थांबला. मग त्याने माझ्याकडे पेन्सिल मागितली, चुकलेले दोन शब्द नीट करून लिहिले आणि वही काकूंच्या हातात परत दिली.