देवघरातली फ्लॉपी

संगणकाच्या खोलीत चप्पल घालून जायची हिंमत चिखलीच्या आमच्या कॉलेजात कोणाचीच नव्हती. संस्थेच्या अध्यक्षांनाही बाईंनी एकदा दारात अडवलं होतं. बाई आम्हाला संख्याशास्त्र शिकवायच्या आणि कॉलेजातला तो एकुलता एक संगणक सांभाळायच्या. मूर्ती बुटकी, पण आवाज असा की व्हरांड्यातली टवाळ पोरं आपोआप पांगत.

माहिती साठवलेल्या फ्लॉप्यांची वर्गवारी त्यांनी घरासारखी केली होती. वेळापत्रक ओसरीवरचं, कोणीही पाहावं. गुण माजघरातले, शिक्षकांपुरते. मुलींचे पत्ते, जात, जन्मतारीख हे देवघरातलं, म्हणजे कुलपाच्या कपाटात. "पाहुण्याले ओसरीवर चहा पाजा. पण त्याले देवघरात कोणी नेते का?" असं त्या वर्गात विचारायच्या.

लग्नसराई जवळ आली की लग्नाच्या मुलांचे मामा-काका कॉलेजच्या फाटकाशी घुटमळायचे. त्या वर्षी खुद्द अध्यक्ष आले, निमूट चपला काढून. मी प्रॅक्टिकलला आतच बसले होते.

"बाई, भाच्यासाठी पोरगी पाहून राह्यलो. आपल्या समाजातल्या पोरींची नावं काढून द्या, पत्त्यासकट."

"नाही भेटत."

"काऊन? कॉलेज माह्यं हाय."

"कॉलेज तुमचं असंल. पोरी तुमच्या नाहीत."

मीही त्याच समाजातली. धाड गावाजवळ आमचा भाजीचा मळा. एवढ्या मोठ्या घरचं स्थळ दारात आलं असतं, तर वडिलांनी, आबांनी, माझं शिक्षण त्याच दिवशी बंद केलं असतं. त्या क्षणी मला बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी खोलीची किल्ली दुसऱ्याला देण्याचा अध्यक्षांचा हुकूम आला. बाई थेट प्राचार्यांकडे गेल्या. "किल्ली देतो सर, पण आधी नियम लावा. देवघरातलं काही बाहेर द्याचं असंल त त्या पोरीचीच सही लागंल." अध्यक्षांना विचारून सांगतो, असं प्राचार्य म्हणाले. मग आम्ही मुली त्यांच्या दारासमोर फरशीवर बसलो आणि त्या नियमाची नोटीस लागेपर्यंत उठलो नाही.

बाईंची बदली संस्थेच्या देऊळगाव राजाच्या शाळेत झाली. तिथे संगणकच नव्हता. एसटी स्टँडवर मला रडू आवरेना. "काऊन रडून राह्यली? बदली माही झाली, तुही नाही. वर्गात जाय," त्या खेकसल्या आणि गाडीत चढल्या.

त्या उन्हाळ्यात आबांकडे स्थळ घेऊन एकही पाहुणा आला नाही. जूनमध्ये मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला नाव घातलं.