कोरड्यावरचं चाक

दोन्ही मुठी समोर धरून ताई एक मूठ गरगर फिरवायच्या, दुसरी तशीच ठेवायच्या. "हे चाक चिखलात, हे कोरड्यावर. गाडी कोणतं फिरवणार?"

कोरड्यावरचं, असं तुम्हीही म्हणाल. मीही म्हणालो होतो.

"नाही भाऊ. घसरतं तेच फिरतं. कोरडं बिचारं बघत बसतं."

सुरतजवळ भेस्तानला आमच्या बिल्डिंगमध्ये ताई तळमजल्यावर राहायच्या आणि लोकांना गाडी शिकवायच्या. मूळच्या धुळ्याकडच्या. क्लच सोडताना माझा पाय थरथरला की शेजारच्या सीटवरून अहिराणीत यायचं, "कसाले घाबरस?" मला हसू फुटायचं आणि गाडी निघायची.

मुलीचं लग्न झाल्यावर ताईंनी स्वतःच्या जुन्या, छोट्या गाडीला वेगळा डिफरन्शियल बसवून घेतला. पुढचं एक चाक घसरू लागलं की तो दुसऱ्यालाही जोर देतो. भाजी आणायला हे कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. ताईंना बारडोलीजवळच्या चिखलातल्या शर्यतीत उतरायचं होतं.

आम्ही शेजारी बघायला गेलो. ऊस तोडलेल्या शेतात पाणी सोडलं होतं. पहिल्याच वळणावर स्टिअरिंगने हिसका दिला, ताईंनी दचकून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि गाडी सरळ बांधावर चढली. "बेन, खेतर खेडवा आव्या?" कोणीतरी ओरडलं. शेत नांगरायला आलात का, म्हणून लोक हसले.

ताई चाकाशी उकिडव्या बसल्या. मी पाणी नेलं. "ताई, राहू द्या आता."

"अरे, तो डिफरन्शियल मला वळणात आत ओढत होता," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "मीच पाय काढला. जन्मभर तुम्हाला तेच शिकवलं ना, वळणावर पाय काढा!"

दुसऱ्या फेरीत त्यांनी पाय काढला नाही. स्टिअरिंग घट्ट धरलं, जोर हलकाच ठेवला. गाडीचं नाक वळणात असं शिरलं, की हसणारेच टाळ्या वाजवू लागले. ताई तिसऱ्या आल्या. चिखलाने माखलेल्या तोंडाने इतक्या हसत होत्या, की फोटोत नुसते दातच दिसतात.

मागच्या वर्षी त्या मुलीकडे धुळ्याला राहायला गेल्या. निघताना तुळशीची कुंडी शेजारच्या सीटवर ठेवून तिला पट्टा बांधला. गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली. खिडकीतून हात बाहेर आला, माझ्या तळव्यावर चार पानं ठेवली. "चहात टाक."

मग रिकाम्या रस्त्यावरही इंडिकेटर देऊन ताई हायवेकडे वळल्या.